गल्लीला नंबर का पडला?

प्रश्न : आमचं घर जुन्या धुळे शहरात, नंबराच्या गल्लीत. बाहेरगावचे पाहुणे पत्ता ऐकून हसतात, "गल्लीला नाव नाही, नुसता नंबर?" वडील सांगायचे की हे शहर विश्वेश्वरय्यांनी आखलं. खरं आहे का? आणि दुसरी शंका जरा वेडगळ वाटेल. आमचे पूर्वज कारागीर. हत्यारांच्या पिशवीशिवाय हातात काही नसताना ते इथे आले आणि घर बांधून बसले. माझा मुलगा पगारदार आहे, पण त्याच शहरात त्याला दोन खोल्यांची जागा घेता येत नाही. त्यांना जमलं ते याला का जमू नये?
– एक वाचक, धुळे

उत्तर : आधी विश्वेश्वरय्यांचं बघू. धुळ्यात ही गोष्ट इतक्या ठामपणे सांगतात की तिला नाही म्हणायला जीव धजत नाही, पण सालं जुळत नाहीत. नवं धुळे आखलं गेलं ते १८१९ नंतर, आणि विश्वेश्वरय्या जन्मले त्यानंतर चाळीसएक वर्षांनी. १८८४ साली ते मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात लागले. नोकरीच्या अगदी सुरुवातीला खानदेशात त्यांच्या वाट्याला आलेलं काम होतं पांझरा नदीवर, साक्रीकडच्या दातर्तीपाशी, नळाच्या सायफनने पाटाचं पाणी पलीकडे नेण्याचं. तेव्हा धुळेकरांनी त्यांचं नाव जरूर घ्यावं, पण पाण्यासाठी. रेषा ओढल्या त्या कॅप्टन जॉन ब्रिग्ज या माणसाने.

पेशवाई बुडाली तेव्हा खानदेश पार उजाड झाला होता. १८०३-०४ च्या दुष्काळातून तो सावरलाच नव्हता, वर लूटमार. ब्रिग्जला नव्या जिल्ह्यासाठी ठाणं हवं होतं. त्याने लळिंग किल्ल्याच्या हाताखालचं एक लहानसं गाव निवडलं. मुंबई-आग्रा वाट जवळून जात होती, पांझरेचं पाणी होतं, भोवती बागायत होती. १८१९ साली त्या गावात ४०१ घरं होती आणि माणसं २,५०९. आज एखाद्या कॉलनीत याहून जास्त लोक राहतात.

मग त्याने आखीव, सरळ गल्ल्यांचं नवं गाव उभं केलं. तुमच्या नंबराचं मूळ इथेच आहे. आपोआप वाढलेल्या गावात आधी माणसं येतात, मग त्यांच्यामधून वाट पडते आणि त्या वाटेला माणसांचंच नाव लागतं. सुतार राहिले की सुतार गल्ली, तांबट राहिले की तांबट आळी. जी गल्ली आधी कागदावर जन्मते आणि तिच्यात माणसं मागाहून येतात, तिला नंबर पडतो. पाहुण्यांना सांगा, नाव पडायच्या आधीपासून आमची गल्ली आहे.

आता तुमची वेडगळ शंका. मला ती अजिबात वेडगळ वाटत नाही, या सदराकडे आलेल्या प्रश्नांत इतका नेमका प्रश्न क्वचितच येतो. तुमच्या पूर्वजांना जमलं, कारण त्यांना घर कुणी दिलंच नव्हतं. नवे रहिवासी यावेत म्हणून ब्रिग्जच्या अमदानीत व्यापाऱ्यांना, कारागिरांना बोलावून बांधकामासाठी जागा दिल्या, त्याही कायमच्या आणि बिनभाड्याच्या. पक्कं घर उभारता यावं म्हणून जुन्या रहिवाशांना आणि नव्यांना आगाऊ रकमा मिळाल्या. जागा, सरळ वाट आणि उचल एवढं सरकारचं काम. भिंत कितीची, धाबं कसलं, मागच्या बाजूला गोठा की कारखाना, हे ज्याचं त्याने बघायचं. दरसाल थोडंथोडं बांधत घर मोठं झालं असणार. आजही कुठल्याही घराच्या खांबांतून वर सोडलेल्या सळया दिसतात ना, पुढच्या मजल्याच्या आशेवर गंजत उभ्या असलेल्या? तोच हिशोब. गरिबाचं घर एका फटक्यात कधीच पुरं होत नाही.

ब्रिग्जची आरती करायची गरज नाही. त्याला महसूल हवा होता. त्याचं आवतण व्यापाऱ्याला आणि कारागिराला होतं, डोंगरातल्या भिल्लाला नव्हतं. शिवाय नदीकाठ पकडल्याची किंमतही गावाने मोजली. १८७२ साली पांझरेला पूर आला आणि तिने घरांच्या रांगाच्या रांगा नेल्या. पण अर्ध्या शतकात अडीच हजारांचं गाव बारा हजारांवर गेलं, ते लोकांना घर बांधून देऊन नव्हे, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

तुमच्या मुलाच्या वाट्याला यातलं काय येतं? शहराच्या कडेला शेत बिगरशेती होतं, लेआउट पडतो, प्लॉट निघतात. पण ते निघतात बंगल्याच्या मापाचे. ज्याची ऐपत चारशे चौरस फुटांची आहे त्याच्या मापाचा प्लॉट नकाशात नसतोच. राज्य सरकारने २०१३ मध्ये एक नियम केला होता. ४,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या जमिनीवर लेआउट करायचा तर २० टक्के जागेत ३० ते ५० चौरस मीटरचे लहान प्लॉट ठेवायचे, अल्प उत्पन्नवाल्यांसाठी. नाशिककर त्याला '२० टक्के योजना' म्हणून ओळखतात. चांगला नियम, पण केला तो दहा लाखांवर वस्तीच्या शहरांसाठी. २०११ च्या जनगणनेत जळगावची लोकसंख्या ४,६०,२२८ आणि धुळ्याची ३,७५,५५९. दोन्ही शहरं त्या चाळणीतून खाली गळली. जणू लहान शहरात गरीब राहतच नाहीत!

मग लहान शहरातला गरीब काय करतो? गुंठेवारी. शेतकऱ्याकडून एक गुंठा, म्हणजे १,०८९ चौरस फूट, किंवा अर्धा गुंठा नोटरीच्या कागदावर घेतो आणि बांधायला लागतो. २००१ साली राज्याने अशा वस्त्या नियमित करण्यासाठी कायदा केला, २०२१ मध्ये त्याची मुदत वाढवून ३१ डिसेंबर २०२० पर्यंतचे भूखंड त्यात घेतले. थोडक्यात, लोक आजही ब्रिग्जच्या काळासारखंच वसतात, फक्त त्यांच्यापुढे ब्रिग्ज नसतो. वाट आधी आखलेली नसते. आधी घरं, मग वाकडी बोळ, मग तिच्यातून गटार कसं काढायचं यावर वीस वर्षं भांडण. स्वस्त जागा म्हणजे बहुधा नाल्याकाठची, खोलगट जागा, हेही आलंच. दोरी धरून चुन्याच्या चार रेघा मारायला जे चार दिवस लागले असते, ते न दिल्याचे पैसे महापालिका पुढे पिढ्यानपिढ्या मोजत बसते.

पंतप्रधान आवास योजनेत एक घटक तुमच्या मुलाच्या उपयोगी आहे. तो असा की स्वतःच्या जागेवर स्वतः बांधा आणि अनुदान घ्या. २०१५ ला सुरू झालेल्या शहरी योजनेत महाराष्ट्रात त्यासाठी केंद्राचे दीड लाख आणि राज्याचा एक लाख असे अडीच लाख मिळत. घर तीस चौरस मीटरपर्यंतचं. मुख्य अट ही की जागा नावावर हवी. आणि आपली गाडी अडते ती तिथेच.


प्रश्न : गरिबांना पक्की घरं बांधून दिली तरी लोक पुढे ओटा काढतात, मागे पत्रा वाढवतात, काही तर घर भाड्याने देऊन पुन्हा जुन्या वस्तीत जातात. इतकं करूनही लोकांना किंमत नसेल तर करायचं कशाला? आमच्या जळगावात घरकुलांचं काय झालं ते सर्वांना ठाऊक आहे.
– एक वाचक, जळगाव

उत्तर : ठाऊक आहे, तरी तरुण वाचकांसाठी दोन ओळी लिहितो. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस तेव्हाच्या जळगाव नगरपालिकेने कर्ज काढून अकरा हजारांवर घरकुलांची योजना आखली. त्यातली फार थोडी पुरी झाली, बाकीचे सांगाडे वर्षानुवर्षं उभे राहिले. फेब्रुवारी २००६ मध्ये महापालिकेच्या आयुक्तांनीच फिर्याद दिली. खटला चालला तुमच्या शेजारच्या धुळ्यात, विशेष न्यायालयात, आणि ३१ ऑगस्ट २०१९ रोजी ४८ जणांना दोषी ठरवलं गेलं. पुढे अपिलं उच्च न्यायालयात गेली. पैशांचं काय झालं ही चर्चा जळगावात कट्ट्याकट्ट्यावर झाली आहे, मी तीत भर घालत नाही. मला वेगळंच खुपतं. पैसा चोख खर्च झाला असता तरी एका ठेक्यात, एका साच्यातली अकरा हजार घरं ही कल्पना बरी होती का? ठेका एक असला की तो बुडाला तर सगळ्यांचं बुडतं. अकरा हजार कुटुंबांनी आपापल्या मिस्तरीकडून बांधलं असतं, तर काहींचं फसलं असतं, काहींचं अर्धवट राहिलं असतं. सगळ्यांचं एकदम कधीच बुडालं नसतं.

आता ओट्याकडे येऊ. तुम्ही त्याला अतिक्रमण म्हणता, मी त्याला घराची सर्वांत कामाची खोली म्हणतो. खानदेशात मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो. जुन्या धाब्याच्या घरात मातीचा जाड थर ऊन अडवायचा. सिमेंटचा स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्री ते ऊन घरातल्यांच्या अंगावर ओततो. बारा बाय दहाच्या खोलीत स्लॅबखाली झोपून बघा, मग ओटा का काढतात हे विचारायची गरज उरणार नाही. संध्याकाळी बाई तिथे भाजी निवडते, म्हातारा तिथे खाट टाकतो, पोरगा अभ्यासाला बसतो, कुणी शिलाई मशीन मांडतं. आणि उन्हाळ्यात बिबड्या, कुरडया, पापड? ज्वारीच्या बिबड्या वाळवायला ऊन फुकट मिळतं, पण जागा मिळत नाही. चार मजली इमारतीत गच्चीला कुलूप असतं आणि किल्ली असते सेक्रेटरीकडे. ज्या बाईचं वर्षाचं निम्मं उत्पन्न वाळवणावर आहे ती जुन्या वस्तीत परत गेली, तर तिला किंमत नाही असं म्हणाल का? तिने हिशोब केला, एवढंच.

हे शहाणपण काही माझं नाही. धुळ्याहून आग्रा रोड धरून सेंधव्याचा घाट ओलांडून गेलात की इंदूर लागतं. तिथे १९८० च्या दशकात बाळकृष्ण दोशी यांनी अरण्य नावाची वसाहत आखली. दोशी मूळ पुण्यात जन्मलेले, कीर्ती अहमदाबादेत मिळवलेली. सुमारे ८५ हेक्टर जमीन, साडेसहा हजारांच्या आसपास प्लॉट, त्यांतले बहुसंख्य गरिबांसाठी. सर्वांत लहान प्लॉट ३५ चौरस मीटरचा. गरिबाला मिळालं काय? आखलेला प्लॉट, जोता, संडास-न्हाणी आणि जमल्यास एक खोली. पुढचं त्याचं त्याने बांधायचं. कसं बांधता येईल हे दिसावं म्हणून दोशींनी नमुन्याची ऐंशी घरं उभी केली, त्यांत ओटे होते, बाहेरून जिने होते, सज्जे होते. मोठ्या रस्त्यावरचे मोठे प्लॉट बाजारभावाने विकून लहान प्लॉटांचा भार हलका केला. १९९५ मध्ये या कामाला आगा खान पुरस्कार मिळाला. ओटा नकाशातच काढला की तो अतिक्रमण राहत नाही, हे दोशींना बरोबर कळलं होतं.

चार्ल्स कोरिया यांनी त्याच सुमारास नवी मुंबईत बेलापूरला आणखी एक युक्ती केली. सातेक घरं आणि त्यांच्यामध्ये साधारण आठ मीटर लांबरुंद अंगण. कुठल्याही दोन घरांची भिंत सामाईक नाही, म्हणजे एकाला माडी चढवायची तर शेजाऱ्याची परवानगी नको. भाऊबंदकी ठाऊक असलेल्या माणसाचं काम आहे हे!

आणि आहे त्या वस्तीत, माणसं न हलवता? पुण्यात येरवड्याला २००९ पासून ते झालं. महिला मिलन, स्पार्क या संस्था आणि प्रसन्न देसाई यांचं वास्तुशिल्पी कार्यालय यांनी वस्तीवस्तीत कापडाची नि पुठ्ठ्याची घरं मांडून बायकांशी बोलून नकाशे ठरवले. २७० चौरस फुटांचं घर, सरकारी अनुदान, दहा टक्के कुटुंबाचे. ज्याचं घर आधीच पक्कं होतं त्याचं पाडलं नाही. शेजार तोच, गल्ली तीच, कामावर जायची वाट तीच. काम रखडलं, कटकटी झाल्या, तरी मला पक्क्या घरांच्या योजनांत ही सर्वांत माणसाळलेली वाटते.

उलट बाजूही पाहा. मुंबईत गोवंडी-मानखुर्दकडे नटवर पारेख कंपाउंड आणि लल्लुभाई कंपाउंड या पुनर्वसनाच्या वसाहती आहेत. घरं पक्की, नावावर, संडास आत. पण इमारतीला इमारत इतकी खेटून की काही ठिकाणी मध्ये जेमतेम तीन मीटर. २०१८ मध्ये 'डॉक्टर्स फॉर यू' या संस्थेच्या पाहणीत खालच्या मजल्यांवरचा अंधार, कोंदट हवा आणि क्षयरोग यांचा संबंध समोर आला. झोपडीतून सुटलेला माणूस पक्क्या घरात खोकायला लागला.

गंमत बघा, तीन मीटरची गल्ली धुळ्यातही सापडेल आणि उन्हाळ्यात ती देवाघरची वाटते. दुपारचे दोनेक तास सोडले तर दोन्ही बाजूंच्या भिंती एकमेकींवर सावली धरतात. पण त्या भिंती एक-दोन मजल्यांच्या असतात. तेच तीन मीटर सात मजल्यांच्या मध्ये सापडले की विहीर होते. तेव्हा रस्त्याची रुंदी किती असं नुसतं विचारू नये, बाजूची भिंत किती उंच हेही विचारावं. खानदेशात जमीन अजून मुंबईच्या भावाची झालेली नाही. इथे गरिबाला सातव्या मजल्यावर चढवायचं कारण मला दिसत नाही. तळमजला अधिक एक, अरुंद सावलीची गल्ली, समोरासमोर खिडक्या, दारात ओटा आणि स्लॅबवर दर मार्चमध्ये चुन्याचा पांढरा हात. चुन्याची गोष्ट हसण्यावारी नेऊ नका. उन्हाळ्यात त्याच्याइतकं स्वस्त औषध दुसरं नाही.


प्रश्न : आमच्या कॉलनीत ओपन स्पेस आहे. निम्मे लोक म्हणतात मंदिर बांधा, निम्मे म्हणतात जिमची यंत्रं बसवा. बाग दोनदा झाली आणि दोनदा वाळली. तुमचं मत?
– एक भगिनी, जळगाव

उत्तर : ताई, तुमच्या कॉलनीच्या भांडणात पडायची माझी हिंमत नाही. पण एक सांगतो, ती जागा कुणी उपकार म्हणून सोडलेली नाही. ४,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या लेआउटला दहा टक्के जागा मोकळी ठेवावी लागते आणि तिचे पैसे प्रत्येक प्लॉटधारकाने प्लॉटच्या किमतीतच भरलेले असतात. तुमच्या प्लॉटचा एक अदृश्य तुकडा तिथे पडला आहे म्हणा ना. तुमच्या घरचा म्हातारा आणि समोरच्या घरची मोलकरीण दोघांनाही तिथे दुपारी बसता आलं पाहिजे, इतकी एक कसोटी पुरे. यंत्रांवर मे महिन्यात दुपारी हात ठेवून बघा, तळहात भाजेल.

जळगावात मोकळ्या जागाच नाहीत असं नाही. मेहरूणच्या तलावावर सकाळी किती लोक चालायला येतात! काव्यरत्नावली चौकाशेजारचं भाऊंचं उद्यान तर बाहेरगावच्यांना दाखवायला नेतात. (तो चौक १८८७ साली इथून निघालेल्या कवितांच्या मासिकाच्या नावाचा आहे. कवितेच्या मासिकाचं नाव चौकाला देणारं गाव मला दुसरं माहीत नाही.) पण तिथे जायला गाडी लागते, वेळ लागतो. घरकाम करून थकलेली बाई पाच वाजता तिथे जात नाही, ती ओट्यावर येते. तिच्या पायांच्या टप्प्यात असलेली जागा म्हणजे तुमचा ओपन स्पेस.

बाग दोनदा का वाळली? झाडं लावायला सगळे येतात, पाणी घालायचं काम कुणाच्याच नावावर नसतं. याचं उत्तर तुमच्याच प्रदेशात तीनचारशे वर्षं जुनं आहे. पांझरेच्या खोऱ्यातली फड पद्धत आठवा. बंधाऱ्याचं पाणी गावाच्या जमिनीला फडाफडाने वाटायचं, आणि त्यासाठी शेतकऱ्यांनी ठेवलेला पाटकरी. तो कुणाचं शेत कधी भिजेल हे ठरवायचा. पिकाची राखण करायला जागल्या असायचा. दोघांचा मोबदला शेतकरी धान्यात द्यायचे. पाणी सामाईक, पण ते सोडणारा हात एकाचा आणि त्या हाताला घरटी शेर ठरलेला. तुमच्या कॉलनीत शंभर घरं असतील तर महिन्याला घरटी थोडे पैसे काढून एक पाटकरी ठेवा, आधी तो ठेवा आणि मग झाडं आणा.

झाडं कोणती, तर कडुनिंब. शोभेचे पाम नकोत. निंब दोन-तीन उन्हाळे जगवला की पुढे तो तुम्हाला जगवतो. ओळ करून कडेने लावा, मधली जागा उघडी राहू द्या. श्रावणात कानबाईला भाऊबंद जमतात, रोटाच्या दिवशी घरात पाय ठेवायला जागा नसते, पंगत कुठे मांडणार? मंडप घालायला मोकळी माती लागते. पेव्हर ब्लॉक बसवले की पोरांचे गुडघे फुटतात आणि पावसाचं पाणी मुरत नाही, ते वेगळंच.

आणि एक फांदी नीट आडवी वाढेल अशी बघून ठेवा. आखाजीला माहेरी आलेल्या लेकी दोर घेऊन झाड शोधत फिरतात. हल्ली कॉलन्यांमधून जिन्याच्या लोखंडी बारला झोका बांधलेला मी पाहिला आहे. पाय जमिनीवरून सुटायच्या आत भिंतीला लागतात.